विल, शॅल आणि बुडणारा माणूस

मराठीत भविष्य क्रियापदाच्या पोटातच असतं: जाईन, जाशील, जाईल. इंग्रजी क्रियापदाला तसा प्रत्ययच नाही. ‘गो’चा ‘वेंट’ होतो, पण उद्याची गोष्ट करायची तर ‘विल’ला हाक मारावी लागते. म्हणून २००२ साली हडल्स्टन आणि पुलम यांनी केंब्रिजच्या जाडजूड व्याकरणात सांगूनच टाकलं: इंग्रजीला भविष्यकाळ नाही! शाळेतल्या तक्त्यांना ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

बाकी नियम सरळ. कर्ता कोणीही असो, ‘विल’ बदलत नाही आणि पुढचं क्रियापद मूळ रूपात राहतं. ‘ही विल गोज’ म्हटलं की मार्क गेले. नकारात मात्र ‘वोन्ट’. हा ‘ओ’ जुन्या ‘वोल’ या रूपातला; ते रूप केव्हाच गेलं, नकारात तेवढं तग धरून राहिलं.

खरी गंमत ‘शॅल’ची. १६५३ मध्ये जॉन वॉलिस यांनी इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये. अनंताचं आडव्या आठासारखं चिन्ह रूढ करणारे गणितज्ञ ते हेच. त्यांचा नियम असा: ‘आय’ आणि ‘वुई’पुढे ‘शॅल’ म्हणजे नुसतं भविष्य, ‘विल’ म्हणजे निर्धार, इतरांसाठी बरोबर उलट. यावरचा जुना विनोद: बुडणारा परदेशी ओरडतो, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ नियमाने अर्थ होतो, ‘मी बुडणारच, खबरदार कोणी वाचवाल तर!’ काठावरचे व्याकरणप्रेमी त्याच्या इच्छेचा मान राखतात.

१९०६ मध्ये इंग्रजीच्या वापरावर लिहिणाऱ्या फाउलर बंधूंनी तर लिहिलं, की ‘शॅल’-‘विल’चं हे तंत्र दक्षिण इंग्लंडात जन्मलेल्यालाच नीट जमतं. १९४२ मध्ये फिलिपिन्स सोडून आलेले अमेरिकन जनरल मॅकआर्थर म्हणाले, ‘आय शॅल रिटर्न’. वॉलिसच्या हिशेबात ही नुसती माहिती झाली. जगाने ती प्रतिज्ञा मानली, आणि १९४४ मध्ये ते खरोखरच परतले.

मराठी माणूस हमखास अडकतो तो ‘तो येईल तेव्हा सांगेन’पाशी. आपल्याकडे दोन्हीकडे भविष्य; इंग्रजीत ‘व्हेन’नंतर ‘विल’ला प्रवेश नाही, ‘व्हेन ही कम्स’च म्हणायचं. पण दारावरची बेल वाजली की दोन्ही भाषांचं एकमत होतं. आपण म्हणतो ‘पोस्टमन असेल’, इंग्रज म्हणतो ‘दॅट विल बी द पोस्टमन’. माणूस आत्ता दारात उभा आहे आणि दोघंही बोलतात भविष्याच्या भाषेत!