एका अफवेची फाइल

आखूड कापलेले केस, ‘न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यून’ लिहिलेला टी-शर्ट आणि पॅरिसच्या रस्त्यावर पेपर विकणारी पोरगी. फिल्म क्लबवाल्यांनी ओळखलंच असेल, गोदारच्या १९६०च्या ‘ब्रेथलेस’मधली जीन सीबर्ग! तिचा हा लूक आजही पोस्टरवर दिसतो. एफबीआयकडे तिची जाडजूड फाइल होती, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

जीन अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या मार्शलटाउनची. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांना ती पैसे द्यायची, त्यात ब्लॅक पँथर पार्टीही होती. एफबीआयच्या हिशेबाने पँथर्सना दिलेली रक्कम सुमारे १०,५०० डॉलर. यात गुन्हा कुठला? कुठलाच नाही. तरी फोनवरचं बोलणं ऐकलं जात होतं.

१९७०मध्ये ती गरोदर होती. एप्रिलमध्ये एफबीआयच्या लॉस एंजेलिस ऑफिसने वरिष्ठांना विचारलं, ‘मुलाचा बाप पँथर्सचा एक नेता आहे’ अशी अफवा हॉलिवूडच्या गॉसिप कॉलमवाल्यांना पुरवू का? हेतूही सरळ लिहिलेला: लोकांमधली तिची इमेज खराब करायची. वरून होकार आला, पण पोट दिसेपर्यंत दोनेक महिने थांबा, म्हणजे फोन टॅपिंग उघड व्हायला नको. बघा, केवढी काळजी!

तेवढंही थांबणं झालं नाही. मे महिन्यातच ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या कॉलममध्ये ‘मिस ए’ नावाच्या नटीची गोष्ट छापून आली. नाव नाही, पण खुणा अशा की कुणीही ओळखावं. ऑगस्टमध्ये ‘न्यूजवीक’ने थेट नाव घेतलं. आम्हाला पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात, बातमी तपासून घ्या. इथे तिला एक फोन करून विचारलं असतं तरी चाललं असतं.

२३ ऑगस्टला जीनची मुलगी दिवस भरण्याआधीच जन्मली आणि २ दिवसांत गेली. मार्शलटाउनला अंत्यविधीच्या वेळी जीनने शवपेटी उघडी ठेवली. बाळाचा रंग लोकांनी स्वतःच पाहावा म्हणून. पुढे ‘न्यूजवीक’वरचा खटलाही जिंकला.

सप्टेंबर १९७९मध्ये पॅरिसमध्ये एका गाडीत तिचा मृतदेह सापडला. त्यानंतर ६ दिवसांनी एफबीआयने अफवेचा कट कबूल केला. क्रिस्टन स्टुअर्टचा ‘सीबर्ग’ (२०१९) बघितला असेल, तर आता तिची फाइलही चाळा. एफबीआयच्याच वेबसाइटवर आहे, बरीच नावं झाकलेली.