एकाच गिअरचे विमान

देऊळगाव राजाच्या परिसरात ज्यांनी विहिरीवरचे डिझेल इंजिन आणि पट्ट्यावर चालणारा पंप जवळून पाहिला आहे, त्यांना पुलीचे महत्त्व सांगायला नको. इंजिनावरची पुली प्रमाणापेक्षा मोठी बसवली, की पंप भलत्याच वेगाने फिरू पाहतो. इंजिनाला तो भार पेलत नाही. ते दबते आणि काळा धूर ओकू लागते. उलट पुली फार लहान बसवली, तर इंजिन मजेत पळते. पण पाटात येणारी धार मात्र करंगळीएवढी! म्हणून जाणता मिस्त्री आधी विचारतो, की इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांचे आणि पंप किती फेऱ्यांचा? मग तो पुली ठरवतो.

हौसेने घरी विमान बांधणाऱ्या माणसापुढे नेमका हाच प्रश्न असतो. फरक एवढाच, की त्याच्या इंजिनाला पाणी उपसायचे नसते, हवा मागे लोटायची असते. आणि पुष्कळदा त्याच्याकडे पुलीही नसते. पंखा, म्हणजे प्रॉपेलर, थेट इंजिनाच्या दांड्यावर बोल्टांनी आवळलेला असतो. मग इंजिनावर भार किती पडायचा हे कोण ठरवणार? ते ठरवतो पंख्याच्या पात्यांचा पीळ.

स्क्रू लाकडात फिरवला, की प्रत्येक फेरीला तो एका आट्याएवढा आत जातो. हवा लाकडासारखी घट्ट असती, तर पंखाही प्रत्येक फेरीला असाच ठराविक अंतर पुढे सरकला असता. त्या अंतराला पंख्याचा पिच म्हणतात. समजा, पंख्याचा व्यास दीड मीटर आणि पिच एक मीटर आहे. मिनिटाला ३००० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ५०. तेव्हा पंखा सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर पुढे जायला हवा. हवा निसटते, म्हणून विमान प्रत्यक्षात दीडशेच्या आसपासच जाते.

मोठ्या विमानांत उडता उडता पात्यांचा कोन बदलता येतो. लहान, घरी बांधलेल्या विमानांत बहुधा तशी सोय नसते. ती महाग आणि जड असते. पात्यांचा पीळ एकदा ठरला तो ठरला. एस. टी.चा चालक घाटात गिअर बदलतो आणि सपाटीला पुन्हा बदलतो. आपला वैमानिक मात्र एकाच गिअरवर घाटही चढणार आणि सपाटीलाही पळणार!

आता थोडी भूमिती करू. आपल्या दीड मीटरच्या पंख्यावर मध्यापासून पाऊण अंतरावरचा एक ठिपका घ्या. एका फेरीत तो सुमारे ३.५३ मीटरचा परीघ कापतो. पिच एक मीटर असल्यामुळे पात्याचा तिथला तिरपेपणा सुमारे १६ अंश येतो. विमान जमिनीवर बांधून ठेवले आणि इंजिन पूर्ण जोरात सोडले, तर पाते हवेला जवळजवळ या पूर्ण १६ अंशांनी भिडते. (पंखा स्वतःच हवा ओढून घेतो, त्यामुळे खरा कोन जरा कमी असतो, तेवढे सोडून देऊ.) तेच विमान ताशी १५० किलोमीटरने उडत असेल, तर समोरून येणाऱ्या हवेमुळे हा कोन जेमतेम अडीच अंश उरतो. एकच पाते, पण जमिनीवर त्याचा इंजिनावर भार जास्त आणि हवेत कमी. म्हणून थ्रॉटल पूर्ण उघडलेले असूनही उभ्या विमानाचे इंजिन आपल्या पूर्ण फेऱ्या गाठत नाही, आणि वेग वाढत जाईल तशा फेऱ्या वाढतात.

नवशिक्याला नेमकी याचीच धास्ती वाटते. इंजिनाच्या पुस्तकात ३००० फेऱ्या लिहिलेल्या. आणि उभ्या विमानात काटा २६०० वर अडकलेला! इंजिनात बिघाड आहे असे समजून तो कार्बुरेटर उघडून बसतो. वास्तविक काटा अडकतो आहे हे ठीकच आहे. तो जमिनीवरच ३००० ला पोचला असता, तर हवेत इंजिन मर्यादेबाहेर पळाले असते. एक खरे उदाहरण घ्या. सेसना १७२ या प्रसिद्ध शिकाऊ विमानाच्या १६० अश्वशक्तीच्या एका नमुन्यात इंजिनाची मर्यादा २७०० फेऱ्यांची आहे. पण उभ्या विमानात पूर्ण थ्रॉटलला २३०० ते २४२० एवढ्याच फेऱ्या मिळाव्यात, असे त्याच्या पुस्तिकेतच सांगितले आहे.

जमिनीवरच्या या मोजणीला मोठा इतिहास आहे. पहिले घरगुती विमान म्हणजे अर्थात राईट बंधूंचे. त्यांच्या सायकलीच्या दुकानातला कारागीर चार्ल्स टेलर याने इंजिन बनवले. ते सुमारे १२ अश्वशक्तीचे होते. इंजिन मिनिटाला हजारावर फेऱ्या घेई. पण त्यांचे लाकडी पंखे सुमारे २.६ मीटर व्यासाचे, त्यांना एवढा वेग परवडणारा नव्हता. म्हणून त्यांनी सायकलीसारख्या साखळ्या वापरल्या. दात्यांचे प्रमाण ८ ला २३ ठेवले आणि पंख्यांच्या फेऱ्या साडेतीनशेवर आणल्या. विहिरीवरच्या मिस्त्रीचीच युक्ती! पंख्यांकडून ३३० फेऱ्यांवर ९० पौंड रेटा मिळावा असा त्यांचा हिशेब होता. पण विमान ठरवल्यापेक्षा जड झाले आणि दोघे काळजीत पडले. त्यात साखळ्यांची चक्रे दांड्यावर सैल होत होती; ती अखेर सायकलीच्या टायरला वापरायच्या सिमेंटने घट्ट बसवली. नोव्हेंबर १९०३ मध्ये जमिनीवर मोजणी केली, तेव्हा ३५१ फेऱ्यांवर १३२ पौंड रेटा मिळाला. त्यानंतर दांडे तुटले, नवे करून आणावे लागले, ते वेगळे. पण १७ डिसेंबरला विमान उडणार, हा विश्वास या मोजणीने दिला होता.

आपल्याकडचे ठळक नाव म्हणजे कॅप्टन अमोल यादव. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईतल्या प्रदर्शनात मांडले गेले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०१९ मध्ये उडवण्याची परवानगी मिळाली. २०२० साली धुळ्याला त्याच्या चाचण्या झाल्या. विमान बांधण्यापेक्षा ते उडवण्यायोग्य आहे हे दाखवणे किती लांबचे काम असते, ते या सनांवरूनच दिसते.

प्रत्यक्ष जुळणी कशी करतात? आधी पाती एकाच रेषेत फिरतात का ते पाहायचे. एका पात्याच्या टोकाजवळ खूण ठेवायची, पंखा हाताने सावकाश फिरवायचा आणि दुसऱ्या पात्याचे टोक त्याच जागी येते का बघायचे. लाकडी पंख्यात दोन-तीन मिलिमीटरांपेक्षा जास्त फरक चालत नाही. (हे काम इग्निशन बंद असतानाच, तेही जाणकारानेच करायचे. मॅग्नेटोची तार सैल असेल, तर हाताने फिरवलेला पंखाही इंजिन सुरू करू शकतो.) मग बोल्ट. विदर्भाच्या उन्हाळ्यात खाटेचे खूर, दाराच्या चौकटी कशा वाळून खिळखिळ्या होतात ते आपण पाहतो. लाकडी पंख्याचेही तसेच होते. तो आकसतो, बोल्ट ढिले पडतात आणि पंखा बैठकीवर घासू लागतो. पावसाळ्यात तेच लाकूड फुगते आणि बोल्टांखाली चिरडते. म्हणून ऋतू बदलला, की बोल्टांचा ताण मोजायचाच.

पुढे पहाटेची, वारा पडलेली वेळ पाहून विमान उभे करायचे. चाकांना उटी लावायची, शेपूट भक्कम खुंटाला बांधायची, खालची खडी झाडून काढायची, पंख्याच्या पुढे किंवा बाजूला कोणी उभे राहायचे नाही. इंजिनाचे तेल तापू द्यायचे. मग काही सेकंद थ्रॉटल पूर्ण उघडून काटा वाचायचा आणि इंजिन भडकण्याआधी खाली आणायचे. आपल्या उदाहरणात २६०० च्या आसपास फेऱ्या आल्या तर उत्तम. २९०० आल्या तर पिच कमी पडतो. २३०० आल्या तर पिच जास्त आहे, किंवा इंजिनच कमजोर आहे. यातले कोणते? ठिणगी वेळेवर पडते का, दोन्ही मॅग्नेटो नीट आहेत का, हवेची गाळणी तुंबली आहे का, हे सारे पाहिल्याशिवाय पंख्याला हात लावू नये. जिच्या फेऱ्या आधीच ठाऊक आहेत अशी परीक्षेची पाती काही कार्यशाळांत असतात. ती लावली, की दोष इंजिनाचा की पंख्याचा हे कळते.

पिच एक इंचाने कमी-जास्त केला, तर ढोबळमानाने ५० फेऱ्यांचा फरक पडतो. काही पंख्यांची पाती जमिनीवर असताना पकड सैल करून फिरवता येतात. आपल्या पंख्यात एक अंश फिरवणे म्हणजे पिच सुमारे सात सेंटिमीटर बदलणे. म्हणजे शंभराहून अधिक फेऱ्या इकडच्या तिकडे! अंशमापक किती काळजीने धरावा लागेल, ते तुम्हीच ठरवा. शेवटची परीक्षा अर्थात हवेतच होते. सरळ उड्डाणात पूर्ण थ्रॉटलला काटा मर्यादेला टेकावा, पण ती ओलांडू नये.

पण काटा तरी खरा कशावरून? ही तपासणी तुम्ही घरी पंख्यावर करू शकता. चोक असलेली जुन्या पद्धतीची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. तिच्या उजेडात, जाळी असलेला तीन पात्यांचा टेबलफॅन जोरात चालू करा आणि मग बंद करा. वेग उतरता उतरता एका क्षणी सहा पाती स्थिर उभी असल्यासारखी दिसतील. त्या क्षणी पंखा मिनिटाला १००० फेऱ्या घेत असतो, कारण दोन लुकलुकींच्या मध्ये तो बरोबर एकषष्ठांश फेरी करतो. दोन पात्यांचा विमानाचा पंखा अशा उजेडात १५०० फेऱ्यांना चार पात्यांचा दिसेल. का, ते शिक्षकांना विचारण्याआधी कागदावर मांडून पाहा. एलईडीचे पुष्कळसे दिवे असे लुकलुकत नाहीत, तेव्हा तिथे हा प्रयोग फसेल.

आता खऱ्या धोक्याकडे येऊ. समजा, ही सारी जुळणी मुंबईला झाली आणि ते विमान मे महिन्याच्या दुपारी देऊळगाव राजाजवळच्या एखाद्या मोकळ्या पट्टीवर उभे आहे. गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. तापमान ४२ अंश धरू. प्रमाण हवेची घनता दर घनमीटरला १.२२५ किलोग्रॅम मानतात. इथे ती १.०५ च्या आसपास भरते, म्हणजे सुमारे १४ टक्के कमी. एवढी विरळ हवा प्रमाण वातावरणात जवळजवळ १६०० मीटरांवर असते. कळसूबाईचे शिखर आहे १६४६ मीटरांचे! गावच्या माळावर उभे असलेले विमान हवेच्या हिशेबाने महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच माथ्याजवळ पोचलेले असते.

वैमानिक थ्रॉटल उघडून काटा पाहतो. काटा नेहमीसारखाच २६०० च्या आसपास! याचे कारण मोठे गमतीचे आहे. हवा विरळ झाल्याने इंजिनाचा जोर घटतो, पण विरळ हवेत पंख्याचा भारही जवळजवळ तेवढाच घटतो. दोघांचा तोल राहतो आणि फेऱ्या तितक्याच राहतात. रेटा मात्र १४ टक्के गेलेला असतो. शिवाय विरळ हवेत विमान उचलायला जमिनीवरचा वेग ८ टक्के जास्त लागतो. धाव ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि रेट्याच्या व्यस्त प्रमाणात धरली, तर १.०८ × १.०८ ÷ ०.८६, म्हणजे सुमारे १.३६. जिथे ३०० मीटर पुरत, तिथे आता ४०० हून जास्त लागतील, आणि काट्याने त्याचा सुगावाही लागू दिलेला नसतो. राईट बंधूंनी डिसेंबरच्या गारठ्यात, ताशी ३५ ते ४० किलोमीटर वाऱ्याच्या तोंडावर उड्डाण केले, हे त्यांचे नशीब म्हणायचे!

मोठ्या कंपन्यांनाही हे भोवले आहे. अमेरिकेत १९३३ साली आलेले बोइंग २४७ हे प्रवासी विमान स्थिर पात्यांच्या पंख्यांवर होते. शायेनसारख्या सुमारे १८५० मीटर उंचीवरच्या विमानतळावरून उठताना ते रडकुंडीला येई. फ्रँक कॉल्डवेल या अभियंत्याने बनवलेले, पात्यांचा कोन बदलता येणारे पंखे बसवल्यावर धाव २० टक्क्यांनी कमी झाली आणि चढण्याचा वेग २२ टक्क्यांनी वाढला.

आपल्या घरगुती विमानवाल्याला ते परवडत नाही. तो ऊन चढण्याआधी उडतो, सोबत्याला खाली ठेवतो, इंधन बेताचे भरतो. आणि पट्टीच्या मध्यावर एक पांढरी खूण करून ठेवतो. वर्गमूळ काढता येणाऱ्याला ही खूण लगेच समजेल. अंतर निम्मे असेल, तर वेग अंतिम वेगाच्या ७१ टक्के व्हायला हवा. विमान ताशी ८० किलोमीटरला उचलत असेल, तर त्या खुणेपाशी वेगाचा काटा निदान ५६-५७ दाखवायला हवा. तेवढा नसेल, तर तो फेऱ्यांचा काटा पाहत बसत नाही. थ्रॉटल मागे ओढतो, आणि उरलेल्या निम्म्या पट्टीत विमान थांबवतो.