जुन्या मोटारीच्या विजेंतील दोष कसा शोधावा

ज्या बागाईतदारांच्या दारीं अद्याप जुनी ॲम्बॅसडर किंवा जीप उभी आहे, त्यांस तिच्या विजेच्या खोड्या नव्यानें सांगावयास नकोत. उत्तरपाडा येथें ॲम्बॅसडर तयार होणें २०१४ सालीं बंद झालें. तरी नीट राखलेल्या गाड्या आजही चालत आहेत. इंजिनाचें काम गांवचा मिस्त्री उत्तम जाणतो. परंतु दिवे मंदावले अथवा सेल्फ फिरेनासा झाला, कीं तोही बहुधा एकेक भाग बदलून पाहूं लागतो. पिकावरील रोग न ओळखतां हातीं येईल तें औषध फवारावें, तसाच हा प्रकार होय.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची हकीकत या बाबतींत बोध घेण्यासारखी आहे. रात्रीं सुनेस बाळंतपणासाठीं तालुक्याच्या गांवीं न्यावयाचें, आणि सेल्फ नुसता कण्हून थांबला! शेजाऱ्यांनीं गाडी ढकलून चालू केली व वेळ निभावली. पुढें त्यांनीं नवी बॅटरी घेतली, सेल्फला नवे ब्रश घातले. पण दोष कायम. शेवटीं इंजिन व गाडीचा सांगाडा यांस जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी पाहिली, तों तिच्या टोकाखालीं गंजाचा व तेलकट मळाचा थर सांपडला. तो घासून काढतांच सेल्फ पूर्ववत् फिरूं लागला. बॅटरीचा खर्च मात्र व्यर्थ गेला.

याचें कारण सोपें आहे. बॅटरीच्या एका टोकापासून निघालेला प्रवाह दिव्यांतून अथवा सेल्फमधून जाऊन गाडीच्या लोखंडी अंगांतूनच दुसऱ्या टोकास परत येतो. इंजिन रबरी गाद्यांवर बसविलेलें असतें. म्हणून त्याला परतीचा मार्ग या पट्टीचाच. विहिरीस पाणी भरपूर, पण पाट तुंबलेला, तर ऊस वाळणारच. सेल्फ फिरवितांना १५० अँपिअर प्रवाह धरला, तर जोडांतील एक शतांश ओहम विरोधामुळेंही दीड व्होल्ट वायां जातो. दिव्यांचें तसेंच: दाब दहा टक्के घटला, तर उजेड सुमारें तीस टक्के कमी होतो.

यास्तव कांहींही विकत घेण्यापूर्वीं एक साधा मल्टिमीटर घेऊन पुढील क्रमानें तपासावें. आंकडे १२ व्होल्टच्या गाडीचे आहेत.

पहिली तपासणी बॅटरीची. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळीं दाब पाहावा. १२.६ व्होल्ट आढळल्यास बॅटरी पूर्ण भरलेली समजावी, १२.२ म्हणजे सुमारें अर्धी. त्याहून कमी असल्यास आधीं ती भरून घ्यावी, मगच पुढें जावें.

दुसरी तपासणी भाराखालीं. गिअर काढून, कॉइलची तार सोडून ठेवावी, म्हणजे इंजिन पेटणार नाहीं. सेल्फ फिरत असतां बॅटरीच्या टोकांवरील दाब साडेनऊ व्होल्टच्या खालीं गेला, तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ वाजवीपेक्षां अधिक प्रवाह खेंचीत आहे. दाब टिकून सेल्फ मंद फिरला, तर संशय जोडांवर घ्यावा.

तिसरी तपासणी मार्गाची. हीच सर्वांत महत्त्वाची. मीटरची एक कांडी बॅटरीच्या सांगाड्यास जोडलेल्या टोकावर व दुसरी इंजिनाच्या घासून स्वच्छ केलेल्या धातूवर धरून सेल्फ फिरवावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब दिसला, तर परतीच्या मार्गांत अडथळा आहे. बॅटरीचें दुसरें टोक व सेल्फचा मोठा बोल्ट यांमध्येंही असेंच पाहावें. या वेळीं एक्सलरेटरची किंवा चोकची तार तापत असेल, तर प्रवाह आडमार्गानें जात आहे, हें निश्चित.

चौथी तपासणी भरण्याची. इंजिन वेगानें चालतांना बॅटरीवर सुमारें १४ व्होल्ट दिसले पाहिजेत. न दिसल्यास प्रथम पट्टा सैल आहे काय, मग डायनामोचे ब्रश व शेवटीं रेग्युलेटर पाहावा. डायनामोच्या गाडींत इंजिन अगदीं मंद चालतांना तांबडा दिवा लुकलुकला, तर तो दोष नव्हे.

दोन गोष्टी कटाक्षानें पाळाव्यात. जळालेल्या फ्यूजच्या जागीं जाड तार घालूं नये. त्यानें गाडीस आग लागण्याचा संभव असतो. तसेंच कांहीं जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचें धन टोक सांगाड्यास जोडलेलें असतें. बॅटरी बसवितांना आधींची जोडणी पाहून घ्यावी.

पावसाळ्यापूर्वीं एक सकाळ खर्चून सर्व जोड सोडावेत, काचकागदानें घासावेत, घट्ट आवळावेत व वरून व्हॅसलीन लावावें. अवेळीं गाडीची गरज पडेल, तेव्हां या अल्प श्रमाचें मोल कळून येईल.