ग्रामसभा : प्रातिनिधिक लोकशाहीला पूरक की पर्यायी संस्था?

दर पाच वर्षांनी मतदान करावयाचे आणि मधल्या काळात निवडून दिलेल्यांचा कारभार पाहत राहावयाचे, एवढ्यापुरताच नागरिकाचा सहभाग मर्यादित असेल तर त्या व्यवस्थेस सहभागी लोकशाही म्हणता येईल काय? हा प्रश्न भारतात नवा नाही. जयप्रकाश नारायण यांनी १९५९ मध्ये राज्यव्यवस्थेच्या पुनर्रचनेचा जो आराखडा मांडला, त्यात ग्रामसभा हा पाया होता व वरच्या संस्था खालच्या संस्थांनी निवडावयाच्या होत्या. ७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) ग्रामसभेस संवैधानिक स्थान दिले खरे. परंतु अनुच्छेद २४३-अ नुसार तिचे अधिकार ठरविण्याचे काम राज्य विधिमंडळांकडेच राहिले. परिणामी बहुतेक ठिकाणी ग्रामसभा म्हणजे लाभार्थ्यांची यादी वाचून दाखविण्याची बैठक झाली.

या पार्श्वभूमीवर गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचा अनुभव तपासण्याजोगा आहे. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा सर्वश्रुत आहे. तिच्यामागील कार्यपद्धतीची चर्चा मात्र कमी होते. येथे निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होतो. ज्या विषयाचे ज्ञान गावाकडे नाही, त्यासाठी अभ्यासगट असतो. तेथे बाहेरची जाणकार व्यक्तीही येते. अभ्यासगट केवळ माहिती मिळवितो व चर्चा करतो; निर्णय ग्रामसभाच घेते. ज्ञान आणि अधिकार यांची ही फारकत, प्रस्तुत लेखकाच्या मते, मेंढ्याचे सर्वांत मौलिक योगदान आहे.

सर्वसहमतीचा आग्रह भाबडा वाटू शकेल. परंतु जंगल राखावयाचे तर पोलीस नव्हे, शेजारीच राखणार. शंभरापैकी एक्कावन्न कुटुंबांनी घेतलेला चराईबंदीचा निर्णय उरलेली एकोणपन्नास कुटुंबे का पाळतील? जेथे अंमलबजावणी परस्परविश्वासावर अवलंबून असते, तेथे बहुमत अपुरे पडते. वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये या गावास २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार हाती येण्यास २०११ उजाडले. बांबू हे झाड की गवत, या प्रश्नावर वनखाते अडून होते! अधिकार कागदावर मिळणे आणि शिक्का हातात येणे यांत किती अंतर असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

याच अधिनियमाच्या आधारे २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार, ओडिशातील नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइट उत्खनन एकमुखाने नाकारले.

तथापि एक आक्षेप टाळता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेडे म्हणजे संकुचितपणाचे व अज्ञानाचे आगर असल्याचे सुनावले होते. मेंढा हे लहान व सामाजिकदृष्ट्या बव्हंशी एकजिनसी गाव आहे. जातींनी विभागलेल्या, जमीनमालक व मजूर एकाच चावडीवर बसणाऱ्या गावात ‘सहमती’ म्हणजे दुबळ्यांचे मौन ठरण्याची शक्यता अधिक. महाराष्ट्राच्या कायद्यात ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद याच जाणिवेतून आली. दलित व भूमिहीनांसाठी अशीच पूर्वसभा का नसावी? सहमतीला नकाराधिकाराची जोड नसेल, तर ती पद्धती बहुमतापेक्षाही जाचक होऊ शकते.

नागरी भागाची स्थिती याहून विपन्न आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या; पण मतदारांची सभा अशी कोणतीही संस्था शहरवासीयास दिली नाही. पुणे महानगरपालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागविण्यास सुरुवात केली. पदपथ, दिवे, बाकडी अशी कामे नागरिक अर्जावर सुचवितात, निवड मात्र पालिका करते. मेंढ्यातील गोंड शेतकऱ्यास आपल्या जंगलाविषयी जो अधिकार आहे, तो पुण्यातील पदवीधरास आपल्या गल्लीतील पदपथाविषयीही नाही.