पिवळं कार्ड म्हणजे आजार नव्हे

भंडारा जिल्ह्यात साकोली, लाखांदूर, पवनीकडे सोयरीक जुळवताना एक समज पुन:पुन्हा आडवा येतो: मुलीचं सिकलसेल तपासणीचं कार्ड पिवळं, म्हणजे आज ना उद्या तिला सिकलसेल होणारच. हे साफ चूक आहे. पिवळं कार्ड वाहकाचं, लाल रुग्णाचं. एएस पॅटर्नचा माणूस (वाहक) पुढे एसएस (रुग्ण) होत नाही. जन्मतः जे जनुक मिळालं, तेच आयुष्यभर राहतं.

एकेकाळी डॉक्टरांचीही अशीच गल्लत होत होती. १९४९ मध्ये अमेरिकेतले डॉ. जेम्स नील यांनी रुग्णांच्या आईवडिलांचं रक्त तपासून ती सोडवली: सदोष जनुक एकाच पालकाकडून आलं तर मूल वाहक, दोघांकडून आलं तर रुग्ण. वाहकाच्या रक्तात साधारण ४० टक्केच हिमोग्लोबिन सदोष असतं, उरलेलं चांगलं. म्हणून एरवी त्याच्या पेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत आणि त्याला औषधही लागत नाही.

हा आजार आपल्याकडचा नाहीच, असंही काही जण म्हणतात. पण नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच मध्य भारतातल्या वाहकांची नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली होती. पुण्याचे डॉ. सुदाम काटे (पद्मश्री, २०१९) यांनी राज्यातल्या आदिवासी वस्त्यांमध्ये वर्षानुवर्षं रक्ततपासणी केली. भिल्ल, पावरा, माडिया, परधान या जमातींत सिकलसेलचं प्रमाण (वाहक धरून) २० टक्क्यांच्याही वर असल्याचं त्यांच्या कामातून पुढे आलं. २००२ च्या त्यांच्या शोधनिबंधात पाच हजारांहून जास्त रुग्ण असण्याचा अंदाज असलेल्या जिल्ह्यांत भंडाऱ्याचं नाव आहे.

मग घोळ होतो कुठे? बहुतेकदा पहिल्याच चाचणीत. सोल्युबिलिटी चाचणीत नळीतलं द्रावण गढूळ झालं, नळीमागे धरलेल्या रेघा दिसेनाशा झाल्या, की 'पॉझिटिव्ह'. पण द्रावण वाहकाचंही गढूळ होतं आणि रुग्णाचंही! खरा पॅटर्न इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी केल्यावरच कळतो. ती न करता कुणाच्या माथी आजार मारणं हा अन्याय आहे, आणि तो बहुधा मुलीच्याच वाट्याला येतो.

जोडीदार एए (वाहकही नाही, रुग्णही नाही) असेल तर वाहकाला सिकलसेलचं मूल होत नाही, फक्त त्याच तपासणीत जोडीदार थॅलसेमियाचा वाहक नाही ना, हेही पाहून घ्यावं. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के. पहिलं मूल रुग्ण निघालं म्हणून पुढची तीन सुरक्षित, हा हिशेब खोटा. दर वेळी शक्यता नव्याने तेवढीच.

बाकीचे समज थोडक्यात. सिकलसेल संसर्गाने पसरत नाही. एकट्या आईमुळे होत नाही. तो कुठल्याही एका जातीचा नाही. लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही. लोहाची कमतरता तपासल्याशिवाय त्या घेऊच नयेत. लाल कार्ड म्हणजे मृत्यूचा दाखलाही नव्हे: डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया हे औषध घेतल्याने दुखण्याचे झटके कमी होतात, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश असल्याने रुग्णाला प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.