आपल्या एरियाचा आवाज कुठाय?

डायल फिरवला की अख्खी मुंबई ऐकू येते. पण आपल्या सोसायटीच्या नळाला पाणी कधी येणार, हे सांगणारं स्टेशन कुठलं? करंजाड्यात फिरताना पडलेला हा प्रश्न आणि माणदेशातल्या बायकांनी त्याला दिलेलं उत्तर...

सकाळी साडेसातला करंजाड्याहून पनवेल स्टेशनकडे निघालेल्या कुठल्याही शेअर रिक्षात बसा. एफएम लागलेलं असतंच. आरजे फुल्ल जोशात सांगत असतो, की अंधेरीला ट्रॅफिक स्लो आहे, वांद्र्याला सेल लागलाय आणि आजचा मूड एकदम रोमँटिक आहे. मागच्या सीटवर तिघं मांडीवर बॅगा घेऊन दाटीवाटीने बसलेले. त्यांच्या डोक्यात मात्र एकच प्रश्न, आज पाणी येणार की टँकर मागवावा लागणार?

रेडिओ आपल्या कानाशी असतो, पण बोलतो कायम दुसऱ्याच कुणाशी तरी. २००२ साली मुंबईत खासगी एफएम स्टेशनं सुरू झाली, तेव्हा 'आपल्या शहराचा रेडिओ' म्हणून आपण त्यांना डोक्यावर घेतलं. शहर त्यानंतर पनवेलच्याही पुढे पसरलं. रेडिओचं शहर अजून दादर-अंधेरीतच घुटमळतंय.

मग मी एक साधा उद्योग केला. चार संध्याकाळी करंजाड्यात फिरले, छोटा रेकॉर्डर घेऊन. भेटेल त्याला एकच प्रश्न विचारायचा, उद्या करंजाड्याचा स्वतःचा रेडिओ निघाला तर पहिला कार्यक्रम कशावर हवा?

एक करंजाडे, दोन गावं

नाइट शिफ्ट करणाऱ्या, चौघींत एक वन बीएचके शेअर करणाऱ्या मुलीने सेकंदही न घालवता सांगितलं, की रात्री कुठल्या रस्त्यावरचे दिवे बंद आहेत ते सांगा. ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत जाणाऱ्या मुलाचं उत्तर होतं पाणी, पाणी आणि पाणी. मराठवाड्यातून आलेल्या वॉचमनकाकांना गावाकडे पाऊस पडला का, तेवढं कळलं तरी पुरे होतं. भाजी विकायला बसलेल्या एका आगरी आजी मात्र आधी नुसत्याच हसल्या. मग म्हणाल्या, "बाय, आमचं कोन आयकनार?"

त्या बोलायला लागल्या आणि माझा रेकॉर्डर चाळीस मिनिटं चालू राहिला. आगरी लग्नात धवला गाणारी धवलारीण असते, तिच्या गाण्याशिवाय लग्नाचे विधी पुढे सरकत नाहीत. त्या गाण्यांबद्दल त्या बोलल्या. भाताची खाचरं, मिठागरं, तळ्यात वाढवलेला जिताडा, सगळं आलं. त्यांचं गाव आज जमिनीवर नाही. तिथे विमानतळ आहे.

आपल्यापैकी किती जणांना हे माहीत असतं? नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावांनी जागा सोडली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली, वाघिवलीवाडा, वरचे ओवळे. त्यातल्या काही गावांचं पुनर्वसन वडघर-करंजाडे या पट्ट्यात झालं. २५ डिसेंबर २०२५ला इथून विमानं उडायला लागली. आपण फ्लाइटचे सेल्फी टाकले, फ्लॅटचे रेट किती चढणार याचा हिशेब केला. गावांची नावं मात्र कुणी विचारली नाहीत.

आणखी एक गोष्ट. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या हक्कासाठी आंदोलन केलं. गोळीबारात पाच जण गेले. या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. ब्रोकर ज्याला बिनधास्त 'ट्वेल्व्ह पॉइंट फाइव्हचा प्लॉट' म्हणतो ना, त्यामागे हा इतिहास आहे. आपण त्याच प्लॉटवरच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहतो आणि शेजारच्या गल्लीतल्या माणसाला ओळखत नाही. एकाच रस्त्यावर दोन गावं राहतात. एक सकाळी ट्रेन पकडतं, दुसरं ओट्यावर बसून ते जाताना बघतं.

टेकाडे भावजींचा जमाना

रेडिओवर असं घरचं, गल्लीतलं बोलणं कधी नव्हतंच का? होतं की! तुमच्या आईला विचारा. मुंबई आकाशवाणीवर 'प्रपंच' आणि मग 'पुन्हा प्रपंच' लागायचं. टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत म्हणजेच प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर. मध्यमवर्गीय घरातल्या गप्पांमधून रोजच्या जगण्याचे प्रश्न यायचे आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, ही तर आमच्याच चाळीतली माणसं. गिरणीत आणि कारखान्यात राबणाऱ्यांसाठी 'कामगारसभा' होती, बायकांसाठी 'वनिता मंडळ'.

त्याहून भारी प्रयोग झाला पुण्यात, १९५६ साली. युनेस्कोच्या मदतीने पुणे आकाशवाणीने मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांमधल्या सुमारे १५० गावांत रेडिओ श्रोतेमंडळं तयार केली. प्रत्येक मंडळात पंधरा-वीस गावकरी. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम. फंडा सोपा होता, ऐका, चर्चा करा, कामाला लागा. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद आणि गावकऱ्यांचं बोलणं सुरू. त्यांचे प्रश्न आणि मतं पुन्हा स्टेशनकडे जायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचा अभ्यास केला. मंडळं असलेल्या गावांतल्या लोकांची माहिती ठळकपणे वाढलेली दिसली, नसलेल्या गावांत फारसा फरक नव्हता. मूळ कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांची, पण आपल्याकडे ती चावडीवर अशी रुजली, की १९५९ पासून देशभर नेली गेली.

आपण ज्याला आज 'इंटरॅक्टिव्ह' म्हणतो, ते सत्तर वर्षांपूर्वी आपल्याच राज्यात एका रेडिओ सेटभोवती घडत होतं.

म्हसवडच्या बायकांची कमाल

आता येऊ आजच्या काळात. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना कम्युनिटी रेडिओची दारं उघडली, २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही. आज देशात अशी ५०० हून अधिक स्टेशनं आहेत. मुंबई विद्यापीठाचं आहे, पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' आहे, बारामतीची 'वसुंधरा वाहिनी' आहे. पण मला सगळ्यात जवळची वाटते ती सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची 'माणदेशी तरंग वाहिनी', ९०.४ एफएम. सुरू झाली २००८ मध्ये.

माण तालुका म्हणजे पक्का दुष्काळी पट्टा. तिथे चेतना गाला सिन्हा आणि गावातल्या बायकांनी १९९७ मध्ये महिलांची सहकारी बँक उभी केली. बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून बँकेचा पहिला अर्ज फेटाळला गेला होता. बायका डगमगल्या नाहीत. त्यांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायची तयारी ठेवली. परवाना मिळाला.

या गोष्टीचा रेडिओशी काय संबंध, असं वाटेल. तर संबंध आहे तो तोंडी ज्ञानाचा. वाचता येत नाही म्हणजे सांगण्यासारखं काही नाही, असं थोडंच असतं! हिशेब, ओव्या, बियाण्यांची माहिती, पावसाचे आडाखे... हे सगळं त्यांच्याकडे होतंच, फक्त त्यांच्यासमोर माइक नव्हता. रेडिओने तो ठेवला. शेती, आरोग्य, कायदा, गाणी, सगळं त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच आवाजात. २०१२-१३ च्या दुष्काळात याच संस्थेने म्हसवडला जनावरांसाठी चारा छावणी चालवली. पाण्याचे हाल म्हणजे काय, हे त्या स्टेशनला बाहेरून जाऊन शिकावं लागलं नाही.

व्हॉट्सअ‍ॅप आहे की!

माझ्या एका मित्राचं म्हणणं असं, की सोसायटीचा ग्रुप असताना रेडिओ कशाला? मुद्दा बरोबर वाटतो... दोन मिनिटंच. ग्रुपवर काय असतं? गुड मॉर्निंगची फुलं, पार्किंगवरून भांडण आणि मध्येच कुणीतरी टाकलेलं 'उद्या पाणी बंद, फॉरवर्डेड मेनी टाइम्स'. खरं की खोटं, विचारायचं कुणाला? शिवाय ग्रुप तुमच्या बिल्डिंगपुरता. त्यात पुनर्वसनात आलेली आजी नाही, वॉचमनकाका नाहीत, टँकरचा ड्रायव्हर नाही आणि घरकामाला येणारी ताईही नाही. पाण्याचा प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच आहे.

स्टेशनचं तसं नसतं. चुकीची माहिती दिली तर उद्या लोक दारात येऊन विचारतात. स्टेशन असतंच हाकेच्या अंतरावर, त्यामुळे बोलणाऱ्याला जबाबदारीने बोलावं लागतं.

पॉडकास्टचं काय? मस्त माध्यम आहे, मी स्वतः ऐकते. पण पॉडकास्ट आपण शोधून ऐकतो, म्हणजे आवडीचंच ऐकतो. भाजी निवडताना, टपरीवर चहा पिताना, न मागता शेजाऱ्याची गोष्ट कानावर पडणं, हे रेडिओच करू जाणे. त्या नाइट शिफ्टवाल्या मुलीला धवलारीण कोण हे असंच कधीतरी कळेल. आणि रात्री दीड वाजता पोरी अंधारातून घरी येतात, हे आजींनाही कळेल. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी दोघी एकत्र बोलल्या, तर ते जास्त जोरात ऐकू जाईल की नाही?

स्टेशन काढायचंय? हे वाचा

• व्यक्ती, राजकीय पक्ष किंवा नफा कमावणारी कंपनी यांना परवाना मिळत नाही. शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्र किंवा किमान तीन वर्षं जुनी नोंदणीकृत सेवाभावी संस्था लागते.

• ट्रान्समीटर साधारण १०० वॉटचा, अँटेना ३० मीटरपर्यंत. आवाज पाच ते पंधरा किलोमीटरपर्यंत पोचतो. म्हणजे करंजाडे, वडघर आणि पनवेलचा बराचसा भाग.

• निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने, तिथेच तयार झालेले हवेत.

• स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या पुन्हा ऐकवता येतात. पाणी, वीज, वाहतूक, परीक्षा यांच्या सूचना मात्र चालतात. करंजाड्याला नेमकं तेच तर हवंय!

• २०२४ च्या सुधारित नियमांनुसार तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती घेता येतात.

सगळ्यात अवघड भाग वेगळाच आहे. मशीन मिळतं, परवानाही उशिरा का होईना मिळतो. पण रोज संध्याकाळी दोन तास देणारी माणसं मिळणं कठीण. रोज तीन तास प्रवास करणाऱ्याने वेळ काढायचा कुठून? म्हणूनच बरीचशी स्टेशनं कॉलेजांच्या आधाराने उभी राहतात. पनवेल परिसरात कॉलेजांची कमी नाही. त्यातल्या एखाद्याने मनावर घेतलं आणि आपण वीकएण्डचे चार तास दिले, तर हे जमण्यासारखं आहे.

तोवर एक काम विनापरवाना करता येईल. मोबाइलमध्ये रेकॉर्डर आहेच. या रविवारी मॉलऐवजी दोन गल्ल्या पलीकडे जा. एखाद्या आजीला तिच्या जुन्या गावातल्या शेतांची, तळ्यांची, वाटांची नावं विचारा आणि तिच्या परवानगीने रेकॉर्ड करून ठेवा. ती नावं आता कुठल्याच पाटीवर दिसत नाहीत. स्टेशन निघेल तेव्हा पहिला कार्यक्रम तयार असेल. आणि नाही निघालं, तरी त्या नावांची एक प्रत तुमच्याकडे राहील. मग, कधी करताय सुरुवात?