टर्बो बसवायचा की इंजिनच बदलायचं? छोट्या गाडीचं घाटातलं गणित

बोललेल्या भागाचं हे जरा आवरून लिहिलेलं रूप.

हिंजवडी मुळशी तालुक्यातच येतं. त्यामुळे आठवडाभर आयटी पार्कच्या ट्रॅफिकमध्ये रांगणारी गाडी शनिवारी पिरंगुट, पौड, मुळशी धरण करत ताम्हिणीकडे निघते. चार माणसं, एसी चालू, पुढे ट्रक. चढावर ओव्हरटेक करायला जावं तर गाडी उठतच नाही. मग प्रश्न येतो: "वॅगन आर आहे, २०१९ ची, एक लिटरची. टर्बो बसवू की १.२ चं इंजिन टाकू?"

आज याच गाडीवर गणित करू. तुमची गाडी वेगळी असली तरी विचाराची पद्धत तीच राहते.

ताकद येते कुठून?

इंजिन म्हणजे हवा ओढणारा पंप. एक ग्रॅम पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल जास्त सोडणं सोपं आहे, अडतं ते हवेपाशी. जास्त हवा आणायचे दोन रस्ते. एक, त्याच सिलिंडरमध्ये हवा दाबून कोंबायची. हे काम सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर फिरणारा टर्बो करतो, किंवा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर. दुसरा रस्ता म्हणजे मोठं इंजिन बसवायचं.

टर्बो: पाहुणा एक, सोय दहा जणांची

समजा अर्धा बार दाब जास्त दिला. वाटतं, दीडपट हवा गेली म्हणजे दीडपट ताकद. पण सायकलचा पंप मारताना नळी तापते ना, तसंच इथे होतं. बाहेरची ३० अंशांची हवा इतकी दाबली की साधारण ८० अंशांच्या पुढे जाते, आणि गरम हवा विरळ असते. त्यामुळे दाब ५० टक्के वाढला तरी हवा वाढते २८ टक्क्यांच्या आसपास. इंटरकूलर लावून ती ४५ अंशांवर आणली, तर फायदा ४० टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे इंटरकूलर हवाच.

पुढचा अडथळा नॉकिंगचा. या एक लिटर के१०बी इंजिनचं कॉम्प्रेशन मुळातच १०:१ च्या घरात आहे. त्यात आधीच दाबलेली गरम हवा घातली, की ठिणगी पडल्यावर ज्योत सगळीकडे पोहोचायच्या आत उरलेलं मिश्रण आपणहून पेट घेतं. ठक ठक आवाज येतो तो हाच. जास्त वेळ चाललं तर पिस्टनला भोक पडतं. ते टाळायला ईसीयूचं नवं ट्यूनिंग, मोठे इंजेक्टर, टर्बोला तेलाची वेगळी लाइन, आणि वाढलेला जोर झेलणारी क्लचप्लेट, एवढं सगळं लागतं. किटची किंमत ऐकून निर्णय घेऊ नका. या यादीची बेरीज करा.

इंजिन बदलणं: लग्न दोघांचं, सोयरीक घरादाराची

इथे वॅगन आर नशीबवान आहे. जानेवारी २०१९ ला आलेल्या या मॉडेलमध्ये कंपनीनेच दोन इंजिनं दिली: ९९८ सीसी, ६८ पीएस, ९० न्यूटन मीटर, आणि ११९७ सीसी, ८३ पीएस, ११३ न्यूटन मीटर. म्हणजे १.२ त्या बॉनेटखाली मावतं हे सिद्ध झालेलं आहे. माउंटिंग, रेडिएटर, गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट हे सगळं त्याच कुटुंबातलं मिळू शकतं.

तरीही काम इंजिन उचलून ठेवण्याइतकं नाही. ईसीयू आणि वायरिंग त्या इंजिनचंच लागतं. किल्लीतली चिप ईसीयूशी जोडलेली असते, ती जुळली नाही तर गाडी सुरूच होणार नाही. म्हणून जाणकार सुटं इंजिन न घेता गिअरबॉक्स, हार्नेस, ईसीयूसकट अख्खा संच घेतात. एवढं करून मिळतात १५ पीएस. टर्बोपेक्षा कमी, पण प्रत्येक भाग त्या ताकदीसाठीच बनलेला.

कंपन्यांनी काय केलं?

मारुतीने मार्च २०१७ मध्ये बलेनो आरएस आणली. तिच्यातलं एक लिटरचं बूस्टरजेट टर्बो इंजिन आपल्या वॅगन आरच्या इंजिनाइतकंच, तेच ९९८ सीसी. ताकद मात्र १०२ पीएस, आणि १५० न्यूटन मीटर टॉर्क १७०० आरपीएमपासूनच. पण साध्या इंजिनावर नुसता टर्बो चिकटवून हे झालं नाही. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी यंत्रणा आली, आणि साध्या बलेनोला मागे ड्रम ब्रेक असताना आरएसला चारही चाकांना डिस्क दिले.

टाटाने ऑक्टोबर २०१८ मध्ये टियागो जेटीपी काढली. साध्या टियागोचं १.२ पेट्रोल ८५ पीएसचं. जेटीपीत टर्बोवालं १.२ घातलं, ११४ पीएसचं, आणि सोबत सस्पेन्शन व टायरही बदलले.

दोन्हीकडून धडा एकच. ताकद वाढवली की थांबवायची सोयही वाढवावी लागते. ताशी ६० ऐवजी ८० ने वळणावर आलात, तर ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ १.८ पट होते. ताम्हिणी उतरताना, तेही पावसात, हा आकडा लक्षात ठेवा.

कागदावरचा घाट

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने याच अर्थावर शिक्कामोर्तब केलं. सीएनजीसारख्या इंधनबदलाच्या किटला नियमांच्या चौकटीत मुभा आहे. खराब झालेल्या इंजिनच्या जागी त्याच जातीचं इंजिन टाकायचं तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नव्या नंबरची नोंद, हा मार्ग आहे. ९९८ च्या जागी ११९७ आलं की मात्र आरसीवरची सीसीच बदलते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

विम्याचंही बघा. थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर ठरतो. १ जून २०२२ पासूनच्या दरांत १००० सीसीपर्यंत २०९४ रुपये, त्यापुढे १५०० पर्यंत ३४१६. टर्बोने सीसी बदलत नाही, म्हणून काही जण गप्प बसतात. पण न कळवलेला बदल अपघातानंतर सर्वेअरला दिसला, तर क्लेम अडकायला तेवढं कारण पुरतं.

मग करायचं काय?

आम्ही सॉफ्टवेअरवाले प्रोग्रॅम हळू चालला की आधी मोजतो, मग कोडला हात लावतो. इथेही मोजू. गाडी आणि माणसं मिळून ११०० किलो. शंभर मीटरला आठ मीटर चढ. ताशी ६० ने चढायला लागतात साधारण २५ पीएस.

आता आपलं इंजिन. २००० आरपीएमला टॉर्क ८० धरला तर मिळतात २३ पीएस. म्हणजे गाडी दम सोडणारच! गिअर खाली आणून ३५०० वर ठेवलं, तर ९० न्यूटन मीटरचे होतात ४५ पीएस. ओव्हरटेकसाठी २० शिल्लक, तेही फुकटात. मायलेजच्या सवयीने आपण वरच्या गिअरला चिकटून राहतो आणि दोष इंजिनला देतो.

सोबत एअर फिल्टर, प्लग, टायरमधली हवा आणि क्लच घसरतोय का ते तपासा. मेकॅनिककडून कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर टर्बोचा विषय तिथेच संपला.

एवढं करूनही कमी पडलं तर माझं मत असं. रस्त्यावरच्या गाडीला बाहेरून टर्बो बसवू नका. दोन्हींत तांत्रिकदृष्ट्या शहाणा पर्याय कुटुंबातलं मोठं इंजिन हाच, पण आरटीओकडून लेखी होकार मिळाल्याशिवाय स्पॅनर उचलू नका. तो मिळेल असं धरूनही चालू नका. सगळ्यात सरळ वाट म्हणजे आपली गाडी विकून, तीच बेरीज घालून कंपनीतूनच १.२ किंवा टर्बो घेऊन आलेली सेकंडहँड गाडी घ्यायची. इंजिन, ब्रेक आणि आरसी, तिन्ही एकमेकांशी जुळलेले मिळतात.